कलमात न सापडणाऱ्या गोष्टी

राज्यशास्त्र शिकवण्यात माझं बहुतेक आयुष्य गेलं. तालुक्याच्या गावातलं कॉलेज. समोर बसणाऱ्यांपैकी निम्म्यांना स्पर्धा परीक्षा द्यायच्या असायच्या, त्यामुळे कलमांचे आकडे त्यांना तोंडपाठ. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री या दोन पदांबद्दल मात्र शिकवता शिकवता माझीच समज बदलत गेली. जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

१. नुसतं संविधान वाचून पंतप्रधान कोण होणार हे कळत नाही.

हे मला वर्गाने शिकवलं. दरवर्षी मी मुलांच्या हातात फक्त कलम ७४, ७५ आणि ७८ ठेवायची. सांगायची, समजा तुम्ही परक्या देशातून आलात, इथलं काहीच ठाऊक नाही. एवढं वाचून सांगा, पंतप्रधान कसा ठरतो? मुलं पेन्सिलने रेघा मारत वाचत. मग उत्तरं येत. ‘राष्ट्रपती नेमतात.’ कोणाला? ‘ते दिलेलं नाही.’ पदावर किती काळ? ‘राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत.’ बहुमत असलेल्यालाच नेमायचं, असं कुठे आहे? पुन्हा पानं चाळली जात. मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार राहील, हे एक वाक्य सापडे, आणि तिथेच सगळे थांबत. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, मग आपण पाठ केलंय ते आलं कुठून?’

आलं ते संकेतांतून. आणि घटनाकारांनी ते विचारपूर्वक तसं ठेवलं. संविधानाच्या मसुद्यात राज्यपालांसाठी सूचनांचं एक परिशिष्ट होतं. स्थिर बहुमत ज्याच्या मागे उभं राहण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याच्याशी सल्लामसलत करून मंत्री नेमावेत, असं त्यात सांगितलेलं होतं. ऑक्टोबर १९४९मध्ये ते परिशिष्ट वगळण्यात आलं. हा विषय संकेतांवर सोडावा, असं ठरलं. वेस्टमिन्स्टरची पद्धत संविधान सभेच्या इतकी अंगवळणी पडलेली होती, की पुढच्या पिढ्याही तसंच वागतील हे त्यांनी धरून चालणं मला समजू शकतं. पण ते वगळलेलं परिशिष्ट मी जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा तेव्हा मला हळहळ वाटते.

२. गावच्या सरपंचाचं सगळं लिहिलेलं आहे, मुख्यमंत्र्यांचं नाही.

एका विद्यार्थ्याच्या गावात सरपंचावर अविश्वास ठराव आला होता. त्याने वर्गात सगळं तपशीलवार सांगितलं. नोटीस तहसीलदारांकडे द्यायची, तहसीलदारांनी सात दिवसांत विशेष सभा बोलवायची, ठरावाला किती सदस्य लागतात, सगळं ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३५मध्ये. मग त्याने सहज विचारलं, ‘मुख्यमंत्र्यांसाठी हे कुठल्या कलमात आहे?’ कलम १६४ सांगतं की मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असेल. ठराव कसा आणायचा, हे सभागृहाच्या नियमांत आहे. ठराव मंजूर झाला की मुख्यमंत्र्यांनी जायचं, हे तर कुठेच सरळ लिहिलेलं नाही. ते सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. पद जितकं मोठं तितका कागद कमी, ही गोष्ट त्या दिवसापर्यंत मी अशी शेजारी शेजारी ठेवून पाहिलीच नव्हती.

३. संकेत मोडला की तिथे कलम उगवतं, पण फक्त तेवढ्याच जागी.

घटनादुरुस्त्यांची यादी मी आता मोडलेल्या संकेतांची नोंदवही म्हणून वाचते. मंत्रिमंडळाचा आकार बेताचा ठेवावा, हा समजूतदारपणाचा भाग होता. उत्तर प्रदेशात १९९७मध्ये कल्याण सिंह यांनी नव्वदहून अधिक मंत्री केले; मग २००३च्या ९१व्या दुरुस्तीने सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा आली. आज महाराष्ट्रात २८८ आमदारांमागे मुख्यमंत्र्यांसह ४३पेक्षा जास्त मंत्री करता येत नाहीत. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचं, हेही १९७६च्या ४२व्या दुरुस्तीपर्यंत स्पष्ट शब्दांत बांधलेलं नव्हतं.

पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते एका नियमाने. केंद्र सरकारच्या कामकाजाचे १९६१चे नियम आहेत. त्यातला १२वा नियम पंतप्रधानांना मुभा देतो, की गरज पडली तर या नियमांना बाजूला ठेवून निर्णय घ्यावा. २५ जून १९७५च्या रात्री इंदिरा गांधींनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना आणीबाणीची शिफारस करणारं पत्र पाठवलं, त्यात याच नियमाचा आधार घेतला होता. मंत्रिमंडळाला विचारलेलं नव्हतं. सहकारी मंत्र्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बैठकीत कळलं, तेव्हा आणीबाणी लागू होऊन काही तास उलटले होते. एवढा मोठा निर्णय पंतप्रधान एकट्याने घेत नाहीत, हा संकेत होता. तो मोडला. म्हणून १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने कलम ३५२मध्ये लिहून टाकलं की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करू नये.

मी हे बरीच वर्षं समाधानाने शिकवत होते. चूक झाली, देशाने धडा घेतला, दार बंद केलं. मग २३ नोव्हेंबर २०१९ची पहाट आली. महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली, आणि सकाळी आठच्या सुमारास राजभवनावर देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. राजवट उठवण्याची शिफारस मंत्रिमंडळाच्या बैठकीविना, त्याच १२व्या नियमाखाली झाली होती. मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून. ४४व्या दुरुस्तीने फक्त कलम ३५२चं दार लावलं होतं. राष्ट्रपती राजवटीच्या ३५६चं उघडंच होतं, आणि नियम जागच्या जागी होता. त्या सकाळी विद्यार्थ्यांचे फोनवर फोन येत होते, ‘मॅडम, हे चालतं का?’ कागदावर चालतं, असं मी सांगितलं. ते सांगताना मला जे वाटलं ते त्रासाचं होतं. कारण प्रत्येक जण मला हेच विचारत होता, की कागदावर चालतं म्हणून चालवायचं का?

४. दोनदा घडलं म्हणजे संकेत झाला, असं नाही.

नेहरू २७ मे १९६४ रोजी गेले, तेव्हा गुलजारीलाल नंदा यांना लगेच पंतप्रधानपदाची शपथ दिली आणि पक्षाने सावकाश नेता निवडला. शास्त्रीजी जानेवारी १९६६मध्ये ताश्कंदला गेले, तेव्हाही नंदाच. मी हा पक्का संकेत म्हणून शिकवायची. पण ३१ ऑक्टोबर १९८४ला इंदिराजींची हत्या झाली आणि त्याच संध्याकाळी ग्यानी झैल सिंग यांनी थेट राजीव गांधींना शपथ दिली. हंगामी पंतप्रधान नेमलाच नाही. घटनेत तसं पद नसल्याने कशाचाही भंग झाला नाही. संकेत हा कोणीतरी पुन्हा पाळेपर्यंतच संकेत असतो, हे मला या एका संध्याकाळवरून उमगलं.

५. संकेताला दोन्ही बाजूंनी साक्षीला बोलावता येतं.

मार्च २०१७मध्ये गोव्यात ४० जागांपैकी काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ मिळाल्या. राज्यपालांनी मनोहर पर्रीकरांना बोलावलं, कारण निकालानंतर इतर पक्षांचा पाठिंबा त्यांनी आधी जमवला. सर्वांत मोठ्या पक्षाला आधी बोलावण्याचा संकेत मोडला, असं काँग्रेस म्हणाली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात कर्नाटकात भाजप १०४ जागांसह सर्वांत मोठा, तर काँग्रेस आणि जनता दल (सेक्युलर) यांची निकालानंतरची आघाडी बहुमताच्या पुढे. तिथे राज्यपालांनी सर्वांत मोठ्या पक्षाला, येडियुरप्पांना बोलावलं आणि बहुमतासाठी १५ दिवस दिले. आता दोन्ही पक्षांनी आपापले युक्तिवाद अदलाबदल करून घेतले होते. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मुदत कमी करून १९ मे रोजी चाचणी घ्यायला लावली, आणि मतदानाआधीच येडियुरप्पांनी राजीनामा दिला.

तोवर अलिखित परंपरांबद्दल मी जरा भाबडेपणाने आदर बाळगून होते. त्यानंतर माझं मत ठाम झालं. कोणाला बोलवायचं याचा क्रम आणि किती दिवसांत बहुमत दाखवायचं, या दोन गोष्टी लिहून ठेवायलाच हव्यात. १९९४च्या बोम्मई निकालाने बहुमताचा फैसला राजभवनात नाही तर सभागृहात होईल, हे पक्कं केलं, आणि त्याने पुष्कळ वाचवलं. पण सभागृह भरेपर्यंतच्या दिवसांतच सगळे खेळ होतात. आमदारांना बसमध्ये घालून कुठल्या तरी रिसॉर्टवर नेण्याची दृश्यं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ते दिवस मोजून दिल्याशिवाय ती थांबायची नाहीत.

६. तरीही एका मताने पडलेलं सरकार मला लिखित नियमाइतकंच मोठं वाटतं.

१७ एप्रिल १९९९. अण्णाद्रमुकने पाठिंबा काढल्यामुळे वाजपेयींनी विश्वासदर्शक ठराव मांडलेला. गिरिधर गमांग फेब्रुवारीतच ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले, पण लोकसभेच्या सदस्यत्वाचा राजीनामा त्यांनी दिलेला नव्हता. एका राज्याच्या मुख्यमंत्र्याने लोकसभेत येऊन केंद्रातलं सरकार पाडण्यासाठी मत द्यावं का? कागद म्हणत होता, ते खासदार आहेत. शिष्टाचार म्हणत होता, देऊ नये. सभापती बालयोगींनी तो निर्णय गमांग यांच्या विवेकावर सोपवला. त्यांनी मत दिलं. फलकावर आकडे आले: बाजूने २६९, विरोधात २७०.

त्या मताबद्दल आजही वाद होतो. मी मात्र वर्गात पुढच्या काही तासांबद्दल बोलायची. वाजपेयी त्या मताला आव्हान देत बसले नाहीत, फेरमतदान मागितलं नाही. राष्ट्रपती भवनात जाऊन राजीनामा दिला. एका मताने हरलेल्या पंतप्रधानाने त्याच दिवशी जावं, असं कुठल्या कलमात आहे, असं कोणी विचारलं तर दाखवायला माझ्याकडे काही नाही. मुलांना ती चित्रफीत दाखवताना वर्ग नेहमी शांत व्हायचा. शेवटच्या वर्षांत जी मुलं समोर असायची, त्यांनी हे कधी घडताना पाहिलेलं नव्हतं, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

७. ‘काळजीवाहू’ सरकार संविधानात नाही, आणि त्याच सरकारने युद्ध लढलं आहे.

राजीनाम्यानंतर वाजपेयी ऑक्टोबर १९९९पर्यंत काळजीवाहू पंतप्रधान राहिले. काळजीवाहू सरकारने नुसता दैनंदिन कारभार पाहावा, मोठे निर्णय घेऊ नयेत, हा संकेत. पण मधल्या मे ते जुलैमध्ये कारगिल घडलं. देशाचं रक्षण हा दैनंदिन कारभार मानायचा की मोठा निर्णय? या प्रश्नाचं उत्तर मी मुलांवर सोडायची. त्यांच्यात कडाक्याचं भांडण व्हायचं. कायदा मात्र एवढंच सांगतो की पोकळी चालणार नाही: लोकसभा विसर्जित असली तरी मंत्रिमंडळ असलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७१मध्ये इंदिरा गांधींच्या संदर्भातल्या यू. एन. आर. राव खटल्यात स्पष्ट केलं. महाराष्ट्रात २०२४च्या निवडणुकीनंतर २६ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर एकनाथ शिंदे काळजीवाहू मुख्यमंत्री होते, तेव्हा ‘विधानसभेची मुदत संपली, आता राष्ट्रपती राजवट लागणारच’ असं पैजेवर सांगणारे किती भेटले! मुदतीचा आकडा सगळ्यांना ठाऊक असतो. मधले दिवस कशावर चालतात, ते ठाऊक नसतं.

८. लिखित नियम कडक असतो, आणि त्यातून वाट काढायला शेवटी अलिखित समजूतदारपणाच लागतो.

सभागृहाचा सदस्य नसलेला माणूस सहा महिने मुख्यमंत्री राहू शकतो. उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ रोजी शिवाजी पार्कवर शपथ घेतली, म्हणजे मेअखेरीआधी निवडून येणं भाग. आणि मार्चमध्ये कोरोना. निवडणुका थांबलेल्या. कलमाला महामारी कळत नाही. त्यात ‘अपरिहार्य कारणास्तव’ असं काही नाही. राजीनामा देऊन पुन्हा शपथ घेण्याची पळवाट सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्येच पंजाबच्या प्रकरणात बंद केली होती. राज्यपालनियुक्त आमदारकीचा प्रस्ताव आठवडे लोंबकळत राहिला. अखेर निवडणूक आयोगाने विधान परिषदेची निवडणूक जाहीर केली, आणि सगळ्या पक्षांनी मिळून नऊही जागा बिनविरोध होऊ दिल्या. त्या वसंतात एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या पक्षांनी हे केलं. मतदानासाठी आमदारांना गोळा करणं जिवावर बेतण्यासारखं होतं, हे सगळ्यांना कळत होतं. या एका गोष्टीबद्दल मला त्या सर्वांविषयी आदर आहे.

९. राजीनामा कागदात बसवता येत नाही, आणि तो बसवण्याचे प्रयत्न मला अस्वस्थ करतात.

महाराष्ट्राने मुख्यमंत्र्यांचे राजीनामे पुष्कळ पाहिले. १९८२मध्ये देणग्यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यावर बॅरिस्टर अंतुले गेले. १९८६मध्ये न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर शिवाजीराव पाटील निलंगेकर गेले. २६/११च्या हल्ल्यानंतर विलासराव देशमुख गेले. पक्षश्रेष्ठींचा दबाव प्रत्येक वेळी होता, हे मान्य. पण कोणाला जा म्हणून सांगणारं कलम नव्हतं. लोक काय म्हणतील, ही एक जाणीव होती.

मग दोन गोष्टींनी मला हलवलं. पहिली, मे २०२३चा निकाल. जून २०२२मध्ये राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. पण उद्धव ठाकरे चाचणीला सामोरे न जाता स्वतःहून पायउतार झाले होते, म्हणून त्यांना पुन्हा पदावर बसवता येणार नाही, असंही म्हटलं. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण यापुढचा कुठलाही मुख्यमंत्री त्यातून काय धडा घेईल? खुर्ची सोडू नका, शेवटच्या मतापर्यंत बसून राहा. हरणार हे दिसल्यावर आपण होऊन जाण्याची रीत होती, तीच आता तोट्याची ठरली.

दुसरी गोष्ट, तुरुंगातून चाललेलं सरकार. मार्च २०२४मध्ये अरविंद केजरीवाल यांना अटक झाली आणि ते सप्टेंबरपर्यंत दिल्लीचे मुख्यमंत्री राहिले. अटकेआधी झारखंडचे हेमंत सोरेन पद सोडून गेले होते, केजरीवालांनी नाही सोडलं. आरोप खरा की राजकीय सूडाचा, हा वेगळा वाद. त्यांना पदावर राहायला कायद्याने आडकाठी नव्हती, एवढं खरं. मग ऑगस्ट २०२५मध्ये १३०वी घटनादुरुस्ती मांडली गेली: पाच वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याच्या आरोपाखाली सलग ३० दिवस कोठडीत राहिलेल्या पंतप्रधान, मुख्यमंत्री वा मंत्र्याचं पद जाईल. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं.

मी आता निवृत्त आहे, पण जुने विद्यार्थी संध्याकाळी चहाला येतात. त्या विधेयकावर आमच्या घरी दोन तट पडले. एक जण म्हणाला, लाज उरली नाही तर कायदाच हवा. दुसरी वकिली करते. ती म्हणाली, अटक करणारी यंत्रणा ज्याच्या हाती आहे, त्याच्याच हातात विरोधी मुख्यमंत्र्याची खुर्ची देताय. गुन्हा सिद्ध व्हायच्या आधीच. मी तिच्या बाजूची आहे. राज्यपालांचे दिवस मोजा, पंतप्रधानांचा १२वा नियम आवळा, तिथे शाई खर्च करा, असं मी पोटतिडकीने सांगेन. पण आरोप झाल्यावर जायचं की नाही, हे ३० या आकड्यावर सोपवलं, तर एकोणतिसाव्या दिवशी जामिनावर सुटलेला मुख्यमंत्री कायद्याने निर्दोष असल्यासारखा कार्यालयात परत येईल, आणि त्याला काही विचारायचा आपला हक्कच आपण सोडून दिलेला असेल. पहिल्याने विचारलं, ‘मग मॅडम, न जाणाऱ्याचं करायचं काय?’ वकीलबाई म्हणाल्या, मतदान. तो म्हणाला, पाच वर्षांनी? चहा गार होईपर्यंत त्यांचं चाललं होतं, आणि दोघांतलं कोणीही मागे हटलं नाही.